विशा पेंटरचा झेड

विशा, तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स बसस्टँडसमोरच्या चौकात लागला होता. फोटो कुठल्यातरी लग्नातला, कापून घेतलेला, त्यामुळं तुझ्या खांद्यावर एक परका हात तसाच राहून गेला होता. 'भावपूर्ण'मधला 'पू' ऱ्हस्व. 'विनम्र'चं 'विनर्म'. खाली 'शोकाकुल' म्हणून वीस-बावीस जणांचे पासपोर्ट फोटो. पहिला फोटो आमच्या शिक्षणसंस्थेच्या सचिवांचा. तिसरा माझा. मला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी मी नको म्हणालो नसतो.

ज्या लोकांच्या दुकानांवर, घरांवर, ट्रॅक्टरांवर तू तीस वर्षं हातानं नावं काढलीस, त्यांनी तुला तासाभरात छापून आणलेल्या प्लॅस्टिकवर निरोप दिला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यातल्या चुका मोजत होतो. मास्तर ना. दुसऱ्याच्या चुका काढायच्या ह्या सवयीनंच तुझं वाटोळं केलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

झरीतलं तुमचं किराणा दुकान वेशीला लागून होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले तुझे वडील, काशिनाथअप्पा, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय दुकानाचं फळीकुलूप काढत नसत. तू त्यांचा थोरला. दुकान तुलाच बघायचं होतं. पण तू साखरेच्या कागदी पुड्यांवर कोळशानं अक्षरं काढायचास आणि अप्पा म्हणायचे, "गिऱ्हाइकाला साखर पाहिजे रे, चित्र न्हाई." आमचं घर शेतीवालं. माझ्या बापाला वाटायचं, पोरानं ढेकळं तुडवू नयेत, खुर्चीवर बसावं. दोघांचे बाप दोन तऱ्हेचे, पण झेडपीच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो.

आठवीत असताना तुझ्या हैदराबादच्या मामांनी तुला एक जाडजूड इंग्रजी कोश आणून दिला. ते छापखान्यात कामाला होते. कोशाचा पुठ्ठा सुटलेला, शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. शाळा सुटली की महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर आपण तो उघडायचो. मी शब्दाचा अर्थ पाठ करायचो, तू शब्द काढायचास. एका अक्षराची शेपटी कशी वळते, ह्यावर तू अर्धा तास घालवायचास आणि मी वैतागायचो. तुला शब्दाचा आकार दिसायचा, मला मार्क दिसायचे. दहावीला इंग्रजीत मला तुझ्यापेक्षा चौदा मार्क जास्त पडले. ते तुझ्याच कोशातनं पडले, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही नाही.

पुढं मी बी.ए., बी.एड. केलं आणि परभणीतल्या एका संस्थेच्या शाळेत लागलो. तू चित्रकला शिक्षकाची पदविका केलीस. नोकरी मिळेना म्हणून तोवर ब्रश धरला, आणि तो 'तोवर' वाढतच गेला. मला पहिल्याच वर्षी दहावीचं इंग्रजी दिलं. वर्गात उभं राहायची एवढी भीती वाटायची की दर रविवारी मी तुझ्याकडं यायचो. तू कुठल्यातरी भिंतीला चुना मारत असायचास आणि मी खाली उकिडवा बसून सोमवारचा धडा मोठ्यानं वाचायचो.

"पुन्हा म्हण," तू वरनं म्हणायचास. "लय घाई करायलास. पोरं घाबरत्यात घाईला."

मी पुन्हा म्हणायचो. सहा महिन्यांत मला वर्ग जमला. लोक म्हणायला लागले, सरांचं इंग्रजी फर्डं आहे. तेव्हा माझ्या तोंडून एकदा तरी तुझं नाव निघायला हवं होतं.

मग ती भिंत आली. जिंतूर रोडला कापसाचं एक जिनिंग बंद पडलं होतं. त्याची रस्त्याकडची लांबलचक भिंत तू मालकाकडनं गुत्त्यानं, वर्षाच्या ठरल्या भाड्यानं, घेतलीस. तिचे भाग पाडलेस. एका भागावर बियाण्याची जाहिरात, एकावर शिकवणीची, एकावर कुण्या डॉक्टरची. मधला भाग रिकामा होता. तिथं तू पिवळ्या जमिनीवर लालभडक इंग्रजीत लिहिलंस की इथं जाहिरात करा. इंग्रजीत अशासाठी की मोटारींच्या शोरूमवाले, इंग्लिश स्कूलवाले गाडीतनं जाताना वाचतील. जाहिरात करणे ह्या अर्थाचा तो अॅडव्हर्टाइज शब्द, एकेक अक्षर पुरुषभर उंचीचं. त्यात शेवटून दुसऱ्या जागी एस असतो, तिथं तू झेड काढला होतास.

मी शाळेच्या सहलीच्या गाडीतनं तो बघितला. पोरांनीही बघितला. "सर, स्पेलिंग चुकलं," एक पोरगी म्हणाली. मी म्हणालो, "शाब्बास." मला खरंच आनंद झाला होता. तुझी चूक सापडल्याचा तो आनंद होता, विशा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सापडली होती.

त्या डिसेंबरात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मागचा पडदा तूच रंगवला होतास, चारठाण्याच्या देवळांचा. दगडी खांबावरची नक्षी अशी उतरली होती की प्रमुख पाहुण्यांनी बोट लावून बघितलं. सूत्रसंचालन माझ्याकडं. पाहुणे यायला उशीर झाला, लोक चुळबुळ करायला लागले, तेव्हा त्यांना हसवायला मी म्हणालो, "आपल्या परभणीत ज्ञानाची काही कमी नाही. जिंतूर रोडची भिंत बघा. आमच्या पेंटरला झेडपीच्या शाळेचा एवढा अभिमान, की इंग्रजीतसुद्धा एसच्या जागी झेड."

मंडप हसला. सचिव तर मांडीवर थाप मारून हसले. तू स्टेजच्या कडेला उभा होतास, हाताला रंग तसाच. तूही हसलास. मी मात्र त्याच झेडपीच्या शाळेच्या त्याच बाकावर बसलेलो होतो, हे त्या मंडपात तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या घरी आलास. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत कोश. चहा नको म्हणालास. पान उघडून बोट ठेवलंस.

"वाच."

मी वाचलं. एसचं स्पेलिंग ठळक अक्षरात, आणि त्याच्याच पुढं, झेडनंही लिहितात, असं स्वच्छ छापलेलं होतं.

"असेल," मी म्हणालो. "पण आपल्याकडं एसच चालतो."

"चालत न्हाई आन् चूक हाय, ह्यात फरक हाय का न्हाई?"

"आहे."

"मला म्हाईत होतं दोन्ही हायत ते. झेड मुद्दाम घेतला. तीन फटक्यांत होतो, लांबून दिसतो. एस एवढा मोठा काढला की भिंतीवर लोळल्यावानी दिसतो."

"मग पुसून एस कर ना. संपला विषय."

"चूक असती तर पुसला असता." तू कोश मिटलास. "माझी इज्जत गेली न्हाई म्हणत मी. पण जिथं बोललास तिथंच एकदा सांग, की चूक नव्हती म्हणून. माझं पोट हाय त्याच्यावर."

"सांगतो," मी म्हणालो. "सव्वीस जानेवारीला सगळे असतात. तेव्हा सांगतो."

सव्वीस जानेवारीला मी सांगितलं नाही. महाराष्ट्र दिनालाही नाही. पंधरा ऑगस्टला पाऊस होता. तोपर्यंत तुझं नाव झेड पेंटर पडलं होतं. दुकानदार फोन करून विचारायचे, "झेड हाय का?" पोरं तुझ्या सायकलमागं माशी घोंगावल्यासारखा आवाज काढत पळायची. बोर्डाची कामं वाटली गेली. मराठी बोर्ड तुझ्याकडं आणि इंग्रजी दुसऱ्याकडं. परभणीत कुणाच्या तरी घरी एखादा कोश असेलच की. पण उघडून बघावं असं कुणालाच वाटलं नाही. इंग्रजीचे सर म्हणालेत म्हटल्यावर बघायचं कशाला?

तुझ्यावर राग धरायला मी तेव्हा कारण शोधत होतो, हे आता कबूल करतो. हट्टी आहे, मी म्हणायचो. एक अक्षर पुसायला काय जातंय, मी म्हणायचो. महानंदावहिनींनाही मी हेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना एवढं एकच तर येतंय, भाऊजी. ते बी चुकीचं हाय म्हणून कबूल करावं का?"

मग आमच्या शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघाली. तुझं वय त्या वर्षी संपत होतं. पुढच्या जाहिरातीला तू बसू शकला नसतास. तुझी शिवानी तेव्हा वर्षा-दीड वर्षाची. तू अर्ज भरलास आणि मला सांगायला आलास. तसं मागायचं काही नव्हतं तुला. नुसतं म्हणालास, "तू असशील ना समोर?"

"असेन," मी म्हणालो. ज्येष्ठ शिक्षक म्हणून मला मुलाखतीला बसवणार होते.

त्याच महिन्यात पर्यवेक्षकाची जागाही रिकामी होणार होती. सेवाज्येष्ठतेत माझ्या बरोबरीला एक जण होता. सचिवांनी मला पोर्चमध्ये गाठून म्हटलं होतं, "तुमचं बघू." आणि दोन पावलं पुढं जाऊन मागं वळून म्हटलं होतं, "चित्रकलेला आमच्या बहिणीचा पोरगा आहे. कागद नीट झाले पाहिजेत." एवढंच. त्यांनी मला खोटं बोल असं कधीही सांगितलं नाही. मला समजेल, हे त्यांना ठाऊक होतं.

मुलाखतीला तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलास. नखांतला रंग निघाला नव्हता. तू चित्रांची फाइल टेबलावर ठेवलीस. अध्यक्ष म्हातारे होते, त्यांनी ती उघडली आणि बराच वेळ एकेक पान बघत राहिले. "हात आहे हो," ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मला वाटलं, आता होतंय ह्याचं. आणि खरं सांगू, मला त्याची भीती वाटली.

तेव्हा सचिव म्हणाले, "ते भिंतीवरचे झेडवाले तुम्हीच ना?"

"मीच," तू म्हणालास.

"फलकलेखन तुम्ही शिकवणार. मग पोरांनी तुमच्याकडनं असलंच स्पेलिंग शिकायचं का?"

तू शांतपणे म्हणालास, "साहेब, ते दोन्ही प्रकारे लिहितात. कोशात हाय. सरांनी बघितलंय."

आणि तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर आर्जव नव्हतं. ओट्यावर बसून मी एखादा शब्द विचारायचो आणि तुला तो येत असायचा, तेव्हा जसा असायचास तसा निवांत होतास. तुला खात्री होती.

सचिव म्हणाले, "काय सर? इंग्रजीचे तुम्ही. बरोबर का चूक?"

मला म्हणता आलं असतं, बघून सांगतो. मला म्हणता आलं असतं, मतभेद आहेत. पळवाटा चिक्कार होत्या आणि मास्तर लोकांना त्या सगळ्या पाठ असतात. मी म्हणालो, "चूक आहे."

पंख्याखाली तुझ्या फाइलीतलं एक पान हललं. तू ते बोटानं दाबलंस, फाइल बांधलीस, सगळ्यांना हात जोडलेस. मलाही जोडलेस. "बरं," म्हणालास आणि गेलास.

नोंदीत तुझ्या नावासमोर 'भाषाज्ञान अपुरे' असा शेरा लिहिला गेला. खाली चार सह्या झाल्या, त्यातली चौथी माझी. पुढच्या सोमवारी सचिवांचा भाचा हजर झाला आणि त्याच्या पुढच्या महिन्यात मी पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर बसलो.

ह्यावर मी स्वतःची एक समजूत घातली होती आणि ती पुष्कळ वर्षं पुरली. जागा तशीही भाच्याचीच होती. मी बरोबर आहे म्हणालो असतो तरी त्यांनी दुसरं काहीतरी काढलं असतं. हे खरंच आहे, विशा. पण मग त्यांना दुसरं काहीतरी काढू द्यायचं होतं. ते हुडकायचे कष्ट मी वाचवले.

आठवडाभर मी वाट बघितली की तू येशील, चारचौघांत माझी गचांडी धरशील. मी उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. तू आलास तो स्टँडवरच्या हॉटेलात, सायकल भिंतीला लावून, नेहमीसारखा. पाऊस कसा, सोयाबीनला मोड फुटतील का, असलंच बोलत राहिलास. शेवटी मीच म्हणालो, "विशा, त्या दिवशी..."

"चहा पी," तू म्हणालास. "गार व्हायलाय."

तेवढंच. पुढं एकोणीस वर्षं त्यावर तू सरळ असा एक शब्द काढला नाहीस. लोकांना वाटेल हा तुझा मोठेपणा. असेलही. पण मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे. तू भांडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर मी चार दिवसांनी पाया पडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू मला ते करू दिलं नाहीस. तू माझ्याशी आधी बोलायचास तसाच बोलत राहिलास, फक्त मला माध्या म्हणायचं सोडून 'सर' म्हणायला लागलास. माझ्या बापाला सिव्हिलला ठेवलं होतं, तेव्हा दिवसभर त्याच्या उशाशी तू बसायचास, मी शाळा सांभाळायचो. त्याचे पाय तू चेपलेस. बाप जाताना मला म्हणाला, "इस्वनाथाला अंतर देऊ नको."

मी मुख्याध्यापक झालो तेव्हा ऑफिसातल्या लाकडी फलकावर माझं नाव लिहायला शिपायानं तुलाच बोलावलं. मला आधी सांगितलं असतं तर मी थांबवलं असतं. मी तासावरनं आलो तर तू स्टुलावर उभा, माझं आडनाव अर्धं झालेलं. मी खुर्चीत बसलो. तुझी पाठ माझ्याकडं. तू उरलेलं आडनाव पुरं केलंस.

"बघा सर, काही चुकलं का," तू उतरून म्हणालास.

"नाही," मी म्हणालो.

"नावात झेड न्हाई तुमच्या. बरं हाय."

तू हसून म्हणालास, म्हणून मीही हसलो. मला लागेल असं तुझं तेवढं एकच बोलणं. ते चेष्टेनं होतं का कसं, हे मला अजून ठरवता आलं नाही.

मग फ्लेक्स आले आणि सगळ्याच पेंटरांचं जे झालं ते तुझं झालं. भिंत पाडून तिथं गाळे निघाले. तू ट्रकच्या पाठी रंगवल्यास, मंदिरांचे कळस रंगवलेस, राणीसावरगावपर्यंत मोटारसायकलवर जाऊन शाळांच्या भिंतींवर पाढे आणि बाराखड्या लिहून आलास. दुसऱ्यांच्या शाळांत तू अक्षरं शिकवलीस, आमच्या शाळेत सचिवांच्या भाच्यानं एकोणीस वर्षांत एकदाही खडू नीट धरला नाही. मी त्याच्या गोपनीय अहवालात दरवर्षी 'उत्तम' लिहितो.

चैत्रात तू गेलास. झरीच्या देवळाच्या शिखराला रंग देऊन उतरलास, सावलीला बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईस्तोवर संपलास. मी पोचलो तेव्हा तुला बसवलं होतं. तुम्हा लिंगायतांत माणूस आडवा नेत नाहीत. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, तळहातावर इष्टलिंग. तू समोर ताठ बसलेला आणि मी तुझ्या समोर उभा. एखाद्या आडव्या माणसासमोर रडणं सोपं असतं. तुझ्यासमोर मला मान वर करता आली नाही. जंगमस्वामींनी सगळ्यांना बेल वाहायला सांगितलं. खड्ड्यात तू तसाच बसून गेलास. मी मीठ टाकलं, माती लोटली.

शिवगणाराधनेला, म्हणजे तुझ्या मागच्या कार्याच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर पाहुणे पांगले. घरात महानंदावहिनी, शिवानी आणि मी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शेवटपर्यंत तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचे. म्हणायचे, माध्यानं लय प्रयत्न केला माझ्या नोकरीसाठी, पण माझंच इंग्रजी कमी पडलं."

तू त्यांना असं सांगितलं होतंस. घरात, बायकोला, पोरीला. स्वतःच्या अंगावर घेतलंस, तेही न केलेल्या चुकीचं.

मी सगळं सांगितलं. स्नेहसंमेलन, कोश, सव्वीस जानेवारी, मुलाखत, शेरा, सही. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं की वहिनी रडतील, शिवानी चिडेल, आणि नंतर का होईना, मला जरा हलकं वाटेल.

शिवानीनं मोबाइल काढला. शब्द टाकला. दोन सेकंदही लागले नाहीत.

"हाय," ती म्हणाली. "दोन्ही हायत. कुणीबी बघू शकलं असतं." मग आईकडं फोन धरून म्हणाली, "मला शाळेत झेडची पोरगी म्हणायचे. मी घरी येऊन बाबावर चिडायचे. एकदा मीच म्हणले, तुमाला येत न्हाई तर लिहायचं कशाला इंग्रजीत? बाबा म्हणाले, चुकलं बाई माझं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. पण त्या रडत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

"आता कामून सांगायलाव, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "ते होते तवा सांगितलं असतं तर पोरगी त्यांच्या जवळ तरी बसली असती."

मी चपला शोधायला उठलो. शिवानी दारापर्यंत आली.

"काका, त्या मुलाखतीच्या कागदावर तुमी सही केली ना? मंग हे बी कागदावर द्या. शाळेच्या लेटरहेडवर. उमेदवाराचं स्पेलिंग बरोबर होतं आन् मी खोटं बोललो, एवढंच. सही, शिक्का. एक संस्थेला द्या, एक मला."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नका म्हणू. बाबाला तुमी सांगतो म्हणाला होता."

मला आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचंय, विशा. पेन्शनचे कागद सचिवांच्या सहीनं पुढं जातात. तो भाचा आता संस्थेवर संचालक व्हायच्या खटपटीत आहे. असं पत्र त्या टेबलावर गेलं तर माझी फाइल कुठल्या कपाटात जाऊन पडेल, हे मला पक्कं माहीत आहे, कारण दुसऱ्यांच्या फायली तिथं जाताना मी बघितल्यात. शिवानीनं त्यानंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. एकदा खरंच होतो.

हे सगळं मी शाळेच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून त्यांवर लिहिलंय. लेटरहेडचा गठ्ठा ऑफिसात, टेबलाच्या उजव्या खणात आहे. शिक्काही तिथंच आहे. किल्ली माझ्याकडंच असते.